हर्षल: दिसला, पण ओळखू आला नाही

मराठी पत्रिकेच्या बारा घरांत कुठे तरी एक ‘ह’ असतो. तो हर्षल. शाळेच्या पुस्तकात सूर्यापासून सातवा म्हणून ज्याचा धडा येतो तो युरेनस. पत्रिका आणि पाठ्यपुस्तक यांची सहसा गाठ पडत नाही, त्यामुळे हे दोघं एकच आहेत हे अनेकांना बरंच उशिरा कळतं. पंचांगातलं नाव ग्रहाचं नसून माणसाचं आहे. ज्या विल्यम हर्शेलने हा ग्रह शोधला त्याचंच नाव मराठी वळणाने ‘हर्षल’ झालं आणि जगाने ते सोडून दिल्यावरही आपल्याकडे टिकून राहिलं.

एका ग्रहाला दोन ओळखी असणं हे या ग्रहाच्या एकूण चरित्राला साजेसंच आहे. कारण गेल्या सव्वातीनशे वर्षांत त्याच्या बाबतीत पुन्हा पुन्हा एकच घडत आलं: तो दिसला, पण ओळखू आला नाही. कुणी त्याला तारा समजलं, कुणी धूमकेतू. त्याची कडी दिसली ती चंद्र म्हणून. जवळून पहिल्यांदा छायाचित्र घेतलं तेव्हा तो नीरस, निपचित गोळा वाटला. मूलभूत माहितीचा तक्ता काढला की व्यास, वस्तुमान, दिवस, वर्ष, तापमान असे आकडे ओळीने मिळतात. त्यातले काही दगडावरची रेघ आहेत, तर काही एका यानाने चाळीस वर्षांपूर्वी काही तासांत घेतलेल्या नोंदींवर टेकलेले आहेत. कोणते कुठले, याचा हा आढावा.

तारा, धूमकेतू, मग ग्रह

हर्षल दुर्बिणीशिवायही दिसू शकतो. त्याची दृश्यप्रत ५.७ च्या आसपास असते. गावापासून दूर, अमावास्येच्या काळोखात, नेमकी जागा माहीत असेल आणि डोळे चांगले असतील तर तो अंधूक ठिपक्यासारखा जाणवतो. तरीही प्राचीन काळी कुणीच त्याची ग्रहांत गणना केली नाही. तो इतका संथ चालतो, की एका राशीतून बाहेर पडायला त्याला सात वर्षं लागतात. इतक्या फिकट ठिपक्यावर सात वर्षं कोण नजर ठेवणार?

दुर्बीण आल्यावरही हे चालूच राहिलं. डिसेंबर १६९० मध्ये इंग्लंडचा राजज्योतिषी जॉन फ्लॅमस्टीड याने त्याची नोंद वृषभ राशीतला एक तारा म्हणून केली. पुढे त्या नोंदीला ‘३४ वृषभ’ असा क्रमांकही मिळाला. फ्रान्सच्या पिएर ल मोनिए याने १७५० ते १७६९ या काळात त्याला अनेकदा पाहिलं. १७६९ च्या जानेवारीत तर काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा पाहिलं. पण त्या वेळी ग्रह वक्री-मार्गी होण्याच्या बेतात, म्हणजे जवळपास थांबलेला होता. हलत नाही, म्हणजे ताराच, असं गृहीत धरलं गेलं.

१३ मार्च १७८१ च्या रात्री हे बदललं. विल्यम हर्शेल हा व्यवसायाने वादक. जर्मनीतल्या हॅनोव्हरहून इंग्लंडमध्ये येऊन बाथ शहरात चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, शिकवण्या घ्यायचा. दुर्बिणीचे धातूचे आरसे तो घरीच ओतायचा आणि स्वतः घासायचा. एकदा तर सलग सोळा तास आरशावरून हात न उचलता तो घासत बसला होता आणि बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत होती. घरामागच्या बागेत उभ्या केलेल्या सुमारे सहा इंची दुर्बिणीतून आकाश विंचरताना त्याला वृषभ आणि मिथुन यांच्या सीमेवर एक ‘तारा’ जरा वेगळा वाटला. त्याने भिंग बदललं. २२७ पट, मग ४६०, मग ९३२. भिंगाबरोबर तो ठिपका मोठा होत गेला. तारे इतके दूर असतात, की कितीही मोठं भिंग लावलं तरी ते बिंदूच राहतात. हा मात्र फुगत होता.

हर्शेलने ओळखलं, की हा तारा नाही. पण ग्रह आहे हे त्यालाही कळलं नाही. रॉयल सोसायटीसमोर त्याने ठेवलेल्या निबंधाचं शीर्षकच ‘एका धूमकेतूचा वृत्तांत’ अशा अर्थाचं होतं. धूमकेतूची शेपटी कुणाला सापडेना, कक्षाही लांबट येईना. सेंट पीटर्सबर्गच्या अँडर्स लेक्सेलने गणित मांडलं तेव्हा कक्षा जवळजवळ वर्तुळाकार निघाली, तीही शनीच्या दुप्पट अंतरावर. माणसाच्या आठवणीपासून शनीपाशी संपणारी सूर्यमाला बघता बघता दुपटीने रुंदावली.

हर्शेलने राजा तिसऱ्या जॉर्जच्या सन्मानार्थ ग्रहाला ‘जॉर्जचा तारा’ असं लॅटिन नाव दिलं. राजाने त्याला वर्षाला २०० पौंडांचा तनखा बांधून दिला आणि वादक पूर्णवेळ खगोलशास्त्रज्ञ झाला. इंग्लंडबाहेर हे नाव कुणाला रुचलं नाही. फ्रान्समध्ये लालांद याने शोधकाचंच नाव सुचवलं, आणि ‘ह’साठीचं रोमन अक्षर आजही ग्रहाच्या चिन्हात आहे. बर्लिनच्या योहान बोडे याने पुराणातली वंशावळ धरली: गुरूच्या पलीकडे त्याचा बाप शनी, तर शनीच्या पलीकडे त्याचा बाप युरेनस, ग्रीकांचा आकाशदेव. हेच नाव शेवटी रुळलं. १७८९ मध्ये क्लाप्रोट याने नव्या मूलद्रव्याला या ग्रहावरून ‘युरेनियम’ म्हटलं. ब्रिटिश नाविक पंचांग मात्र १८५० पर्यंत जॉर्जलाच चिकटून होतं.

वाकड्या चालीचा फायदा

जुन्या याद्या चाळल्यावर फ्लॅमस्टीड आणि ल मोनिए यांच्या नोंदी सापडल्या आणि नकळत नव्वद वर्षांची मागची माहिती हातात आली. ती घेऊन फ्रान्सच्या बुव्हार याने १८२१ मध्ये ग्रहाचं कोष्टक तयार केलं. पण जुन्या आणि नव्या नोंदी एका कक्षेत बसेनात. ग्रह कधी हिशेबाच्या पुढे धावे, कधी मागे राही. कुणी तरी अदृश्य त्याला ओढत असावं, असा संशय बळावला. पॅरिसमध्ये ल व्हेरिए आणि इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स यांनी स्वतंत्रपणे त्या अज्ञात ग्रहाची जागा काढली. २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनमध्ये गाल्ले याने दुर्बीण रोखली तेव्हा ल व्हेरिएने सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. कागदावर आधी आणि आकाशात नंतर सापडलेला हा पहिला ग्रह.

त्यानंतर नेपच्यूनपलीकडे कोण, हा प्रश्न अनेकांना पडला. त्यात एक मराठी नाव आहे: ज्योतिर्गणिताचे अभ्यासक व्यंकटेश बापूजी केतकर. गुरूच्या चंद्रांच्या भ्रमणकाळांत लाप्लासने दाखवलेल्या मेळावरून त्यांनी ग्रहांच्या कक्षांचा विचार केला आणि १९११ मध्ये फ्रेंच खगोल संस्थेच्या पत्रिकेत दोन संभाव्य ग्रह मांडले. त्यांना नावं दिली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं अंतर त्यांनी सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ३९ पट धरलं होतं. १९३० मध्ये सापडलेल्या प्लुटोचं सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट आहे. त्या मेळामागे भौतिक कारण नव्हतं, म्हणून याला नेपच्यूनसारखं भाकीत म्हणता येत नाही. पण ग्रहांच्या कडेच्या प्रदेशात गणिताने डोकावणाऱ्यांत पंचांगसुधारणेसाठी झटणारा एक मराठी ज्योतिषीही होता, याची नोंद राहायला हवी.

पक्के आकडे

आता तक्त्याकडे. सूर्यापासून सरासरी अंतर सुमारे २८७ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या १९ पट. सूर्यप्रकाशाला आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात, हर्षलपर्यंत जायला २ तास ४० मिनिटं. तिथे ऊन आपल्यापेक्षा सुमारे ३७० पटींनी कमी, तरी आपल्या पौर्णिमेच्या चांदण्याच्या हजार पट. म्हणजे तिथे काळोख नसतो, दिवेलागणीच्या वेळचा उजेड असतो.

एक प्रदक्षिणा ८४ वर्षांची. त्या हिशेबाने शोध लागल्यापासून हर्षलची तीन वर्षंही अजून पूर्ण झालेली नाहीत. ती २०३३ मध्ये होतील.

विषुववृत्ताशी व्यास ५१,११८ किलोमीटर, पृथ्वीच्या चौपट. पोटात त्रेसष्ट पृथ्व्या मावतील, पण वस्तुमान फक्त साडेचौदा पृथ्व्यांइतकं. त्यामुळे घनता पाण्यापेक्षा थोडीच जास्त, १.२७. अंगाने मोठा असला तरी वजनाला हलका, म्हणून ढगांच्या पातळीवर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या नऊ दशांश. साठ किलोचा माणूस तिथे चौपन्न किलोचा भरेल, अर्थात उभं राहायला जमीन मिळाली तर. ती मिळत नाही. वातावरण खाली खाली दाट होत जातं आणि कुठे तरी द्रव होतं. नेपच्यून व्यासाने हर्षलपेक्षा किंचित लहान, पण वस्तुमान सतरा पृथ्व्यांचं. जुळे म्हणून त्यांचा उल्लेख होतो, पण जुळ्यांच्या तब्येती वेगळ्या आहेत.

वातावरणात बहुतांश हायड्रोजन, सुमारे पंधरा टक्के हेलियम आणि थोडा मिथेन. मिथेन तांबडा प्रकाश शोषतो, म्हणून ग्रह निळसर-हिरवा दिसतो. २०१८ मध्ये हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीच्या नोंदींतून ढगांच्या वर हायड्रोजन सल्फाइड असल्याचं सिद्ध झालं. कुजक्या अंड्याला ज्याचा वास येतो तोच हा वायू.

लाटण्यासारखा आडवा

सगळे ग्रह कमी-अधिक कलून फिरतात. पृथ्वी साडेतेवीस अंश कललेली आहे, हर्षल जवळपास ९८ अंश. बाकीचे भोवऱ्यासारखे फिरत असतील, तर हा पोळपाटावरच्या लाटण्यासारखा आडवा पडला आहे. मात्र लाटण्याची उपमा अर्धीच खरी. लाटणं जिकडे जाईल तिकडे त्याचा दांडा वळवता येतो. ग्रहाचा आस मात्र आकाशात एकाच दिशेला रोखलेला राहतो. त्यामुळे कक्षेच्या एका टोकाला एक ध्रुव थेट सूर्याकडे असतो, ४२ वर्षांनी दुसरा, आणि मधल्या काळात ऊन विषुववृत्तावर पडतं. ध्रुवावर ४२ वर्षांचा दिवस आणि ४२ वर्षांची रात्र. एकेक ऋतू २१ वर्षांचा. वर्षभराचा हिशेब केला तर ध्रुवांना विषुववृत्तापेक्षा जास्त ऊन मिळतं, तरी दोन्हीकडच्या तापमानात फारसा फरक आढळत नाही. वातावरण ही उष्णता कशी वाटून घेतं, हा अभ्यासाचा विषय आहे.

हा कल आला कुठून? सर्वांत प्रचलित मत असं, की सूर्यमालेच्या बाल्यात पृथ्वीएवढी किंवा तिच्याहून मोठी एखादी वस्तू हर्षलवर आदळली आणि तो कलंडला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय प्रतिकृतींनी हे शक्य असल्याचं दाखवलं. पण मुख्य चंद्र आणि कडी ग्रहाच्या विषुववृत्ताच्या पातळीतच फिरतात. म्हणजे धडकेनंतर तेही नव्याने घडले असावेत. दुसरा विचार असा, की एखादा मोठा चंद्र हळूहळू दूर सरकत गेला आणि त्याने आस ओढून आडवा केला. यातलं कोणतं खरं, हे ठरवायला ग्रहाच्या आतली रचना माहीत असायला हवी.

बर्फ म्हणजे कुठला बर्फ?

गुरू आणि शनी हे मुख्यतः हायड्रोजन-हेलियमचे गोळे. हर्षल आणि नेपच्यून यांच्यात या वायूंचा वाटा कमी आणि पाणी, अमोनिया, मिथेन यांचा जास्त मानला जातो. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची ‘बर्फाळ महाकाय ग्रह’ अशी वेगळी जात केली गेली. पण ‘बर्फ’ या शब्दाने फसायला नको. खगोलशास्त्रात पाणी, अमोनिया, मिथेन यांना त्यांच्या अवस्थेचा विचार न करता बर्फ म्हणतात, कारण सूर्यमाला घडताना ते थंडीत गोठून जमा झाले. हर्षलच्या पोटात काही हजार अंश तापमान आणि लाखो वातावरणांचा दाब आहे. तिथे हे सगळं तापलेल्या, दाट रसासारखं असणार. कुल्फीची कल्पना मनात असेल तर ती काढून टाकावी.

त्या दाबात काय होत असेल याची प्रयोगशाळेत चुणूक मिळते. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी प्लास्टिकच्या नमुन्यावर प्रखर लेसर मारून क्षणभर तसा दाब निर्माण केला. त्यातल्या कार्बनपासून सूक्ष्म हिरे तयार झाले. हर्षलच्या आत मिथेन फुटून हिऱ्यांचा पाऊस पडत असावा, या जुन्या तर्काला त्याने बळ मिळालं. दुसऱ्या प्रयोगांत पाण्याचं एक विचित्र रूप आढळलं: ऑक्सिजनचे अणू स्फटिकासारखे जागच्या जागी आणि हायड्रोजन त्यांच्यामधून वाहणारा. काळा, तापलेला, वीज वाहून नेणारा बर्फ.

मात्र ‘बर्फाळ’ हे नावच कितपत बरोबर, यावर आता चर्चा आहे. ग्रहाचं वस्तुमान, व्यास आणि गुरुत्वाकर्षणाची मोजमापं एवढ्यावरून आत पाणी जास्त आहे की खडक आणि हायड्रोजन यांचं मिश्रण, हे ठरवता येत नाही. दोन्हींची सरासरी घनता सारखीच येऊ शकते. झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी अलीकडे हर्षल-नेपच्यूनच्या असंख्य प्रतिकृती तपासल्या. त्यांतल्या काही पाण्याने भरलेल्या निघाल्या, तर काही खडकाने. ज्या नावाने आपण या ग्रहांची जात ठरवली, तेही बाहेरून पाहून दिलेलं आहे.

कवलूरची रात्र

१० मार्च १९७७ ला हर्षल एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तारा झाकला जाताना त्याचा प्रकाश कसा मंदावतो यावरून ग्रहाच्या वातावरणाचा अंदाज येतो, म्हणून निरीक्षक सज्ज होते. अमेरिकेचा जेम्स इलियट आणि त्याचे सहकारी हिंदी महासागराच्या दक्षिण भागावर, विमानात बसवलेली कायपर दुर्बीण घेऊन उडत होते. वेळेबद्दल खात्री नसल्याने त्यांनी यंत्रं आधीच सुरू केली. तारा झाकण्यापूर्वीच त्याचा प्रकाश पाच वेळा क्षणभर दबला. ग्रह पुढे सरकल्यावर तसाच, त्याच अंतरांवर पुन्हा दबला. दोन्ही बाजूंना सारखे खड्डे, म्हणजे ग्रहाभोवती कडी.

त्याच रात्री तमिळनाडूतल्या कवलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनीही ताऱ्याचा प्रकाश काही सेकंद दबल्याची नोंद केली. हा हर्षलचा एखादा नवा चंद्र असावा, असा त्यांनी अर्थ लावला आणि तो ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हा कडी फक्त शनीला असतात अशी सर्वांची समजूत होती. विमानातल्या चमूलाही आधी चंद्रच आठवले होते. पण त्यांच्याकडे दोन्ही बाजूंच्या नोंदी असल्यामुळे कोडं त्यांना सुटलं. कवलूरची नोंद मात्र खरीच होती. भारताच्या भूमीवरून हर्षलचं कडं टिपलं गेलं, फक्त त्याला नाव वेगळं मिळालं.

आज हर्षलची तेरा कडी माहीत आहेत. शनीची कडी बर्फाने चकाकतात, ही कोळशासारखी काळी आणि बहुतेक अगदी अरुंद. म्हणूनच दोनशे वर्षांच्या दुर्बिणींना ती दिसली नाहीत.

२४ जानेवारी १९८६

कडी सापडल्यानंतर पाचच महिन्यांनी, २० ऑगस्ट १९७७ ला, व्हॉयेजर-२ यान निघालं. साडेआठ वर्षांनी, २४ जानेवारी १९८६ ला, ते हर्षलच्या ढगांपासून सुमारे ८१,५०० किलोमीटरवरून गेलं. आजवरची ही एकमेव भेट. थांबायची सोय नव्हती. अगदी जवळून पाहण्याची वेळ मोजक्या तासांची होती, आणि यान पुढे नेपच्यूनच्या वाटेला लागलं. चारच दिवसांनी, २८ जानेवारीला, चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर कोसळलं आणि हर्षलची बातमी मागे पडली.

यानाने दहा नवे चंद्र आणि दोन नवी कडी शोधली. ग्रहाचा चेहरा मात्र कोरा दिसला. गुरूसारखे पट्टे नाहीत, ठळक वादळ नाही. चुंबकीय क्षेत्र मात्र चक्रावून टाकणारं निघालं: ग्रहाच्या आसाशी ५९ अंशांचा कोन आणि केंद्रापासून त्रिज्येच्या एक तृतीयांश बाजूला सरकलेलं. पृथ्वीचा चुंबक गाभ्याशी नीट बसवलेला, हर्षलचा कुणी घाईत ठेवल्यासारखा. आतून उष्णता जवळपास येतच नाही, असंही मोजमापांतून निघालं. गुरू, शनी, नेपच्यून घेतात त्याहून पुष्कळ जास्त उष्णता बाहेर टाकतात. नेपच्यून तर दुपटीहून अधिक. हर्षल थंड, वातावरणात नीचांकी उणे २२४ अंश सेल्सिअस. निपचित ग्रह अशी प्रतिमा तयार झाली आणि पाठ्यपुस्तकांत उतरली.

त्या वेळी हर्षलचा दक्षिण ध्रुव सूर्यासमोर होता. यानाने जे पाहिलं ते ८४ वर्षांच्या वर्षातल्या एका दिवसाचं, एकाच ऋतूतलं. पुण्याला मे महिन्याच्या एका दुपारी भेट देऊन ‘इथे पाऊस पडत नाही’ असं लिहिण्यासारखं ते होतं.

दुरुस्तीची वर्षं

मग ऋतू बदलला. डिसेंबर २००७ मध्ये सूर्य विषुववृत्तावर आला. त्या काळात हवाईतल्या केक दुर्बिणींना आणि हबलला तेजस्वी ढग, वादळं, एक काळा डागही दिसला. वारे ताशी ९०० किलोमीटरपर्यंत धावत होते. २०१४ मध्ये मोठी वादळं उठली. निपचित म्हणवला जाणारा ग्रह उन्हाच्या दिशेने अंग हलवत होता. या दशकाच्या अखेरीस उत्तर ध्रुव सूर्यासमोर येतो आहे. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत उत्तरेकडची उजळ टोपी, कडी आणि चंद्र एकाच चौकटीत आहेत.

त्यानंतर तक्त्यातले एकेक आकडे तपासले जाऊ लागले.

रंग: व्हॉयेजरच्या चित्रांमुळे हर्षल फिकट आणि नेपच्यून गडद निळा, अशी कल्पना पक्की झाली होती. ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन आणि सहकाऱ्यांनी जानेवारी २०२४ मध्ये दाखवलं, की नेपच्यूनची ती चित्रं तपशील ठळक दिसावेत म्हणून गडद केली होती. प्रत्यक्षात दोघंही निळसर-हिरवेच, हर्षल किंचित अधिक फिकट, कारण त्याच्यावर धुक्याचा थर जाड आहे.

चुंबकावरण: २०२४ मध्येच व्हॉयेजरच्या जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या गेल्या. यान पोहोचण्याच्या थोडं आधी सौरवाऱ्याचा जोरदार झोत आला होता आणि त्याने ग्रहाचं चुंबकावरण दाबून टाकलं होतं. अशी दबलेली अवस्था सुमारे चार टक्के वेळच असते. चंद्रांतून काही बाहेर पडत नाही, असा जो निष्कर्ष काढला गेला होता, तो या अपवादाच्या दिवसावर उभा होता.

दिवस: १९८६ मध्ये रेडिओ संकेतांवरून दिवसाची लांबी १७ तास १४ मिनिटं २४ सेकंद ठरली होती. त्यात अर्ध्या मिनिटाची अनिश्चितता होती. दर फेरीला थोडी चूक साठत जाते, त्यामुळे काही वर्षांतच ग्रहावरचा कुठला रेखांश कुठे आहे, याचा ठावच लागेना. २०२५ मध्ये, हबलने २०११ ते २०२२ दरम्यान टिपलेल्या ध्रुवीय प्रकाशावरून, नवा आकडा आला: १७ तास १४ मिनिटं ५२ सेकंद. फरक २८ सेकंदांचा, पण अचूकता हजार पटींनी वाढली.

उष्णता: २०२५ मध्येच दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवलं, की हर्षल सूर्याकडून घेतो त्यापेक्षा सुमारे १२ ते १५ टक्के जास्त उष्णता बाहेर टाकतो. नेपच्यूनच्या तुलनेत हे कमीच आहे, पण ‘आतून विझलेला’ हा शिक्का पुसला गेला.

चंद्रांची वस्ती

हर्षलच्या चंद्रांना पुराणातली नावं नाहीत. शेक्सपियरची पात्रं आणि इंग्रजी कवी पोपच्या एका काव्यातली मंडळी तिथे राहतात. टायटेनिया आणि ओबेरॉन हर्शेलनेच १७८७ मध्ये पाहिले. एरियल आणि अम्ब्रिएल १८५१ मध्ये लॅसेलने, मिरांडा १९४८ मध्ये कायपरने. सर्वांत मोठा टायटेनिया १,५७८ किलोमीटर व्यासाचा, आपल्या चंद्राच्या निम्म्याहूनही लहान. जेमतेम ४७० किलोमीटरच्या मिरांडावर मात्र एक कडा अंदाजे २० किलोमीटर उंच आहे, सह्याद्रीचे सगळे कडे एकावर एक रचावेत असा. एरियलवर वेबला कार्बन डायऑक्साइडचा बर्फ सापडला, आणि मोठ्या चंद्रांच्या कवचाखाली द्रव पाण्याचा थर असू शकेल, अशी शक्यता आता गांभीर्याने मांडली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये वेबच्या नोंदींतून सुमारे दहा किलोमीटरचा आणखी एक चंद्र जाहीर झाला आणि एकूण संख्या २९ झाली.

पुढची भेट

इतर ताऱ्यांच्या ग्रहमालांमध्ये नेपच्यूनच्या आसपासच्या आकाराचे ग्रह मोठ्या संख्येने आढळतात. तरी आपल्या घरातले या जातीचे दोन ग्रह आपण एकेकदाच पाहिले. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२२ च्या दशकीय अहवालात हर्षलभोवती फिरणारं यान आणि वातावरणात उतरणारी कुपी यांना मोठ्या मोहिमांत पहिला क्रमांक दिला. नेपच्यूनपेक्षा हर्षल का? कारण तिथे आजच्या रॉकेटांच्या ताकदीवर जाता येतं. २०३१-३२ च्या सुमारास निघून गुरूच्या ओढीचा आधार घेत २०४० च्या दशकाच्या मध्याला पोहोचावं, असा मूळ आराखडा होता. प्लुटोनियमचा पुरवठा आणि पैसा यांमुळे तो पुढे सरकतो आहे. चीनच्या तियानवेन-४ मोहिमेच्या आराखड्यातही हर्षलजवळून जाणारं छोटं यान आहे.

उशीर इथे नुसता उशीर नसतो. व्हॉयेजरला चंद्रांचे दक्षिण अर्ध तेवढे उजेडात दिसले, उत्तर अर्ध काळोखात होते. २००७ पासून ऊन उत्तरेवर आहे आणि २०४९ पर्यंत राहील. त्याआधी यान पोहोचलं तर आजवर न दिसलेली बाजू दिसेल. बराच काळ गेल्यावर पोहोचलं तर ती ४२ वर्षांच्या रात्रीत गेलेली असेल, आणि समोर पुन्हा तेच अर्ध येईल जे १९८६ मध्ये पाहून झालं आहे.

तोवर आपल्या हाती दुरून पाहणंच आहे. दुर्बिणीतून हर्षलची चकती जेवढी दिसते, तेवढं अडीच सेंटिमीटरचं नाणं १.४ किलोमीटरवरून दिसतं. पण साध्या द्विनेत्रीत तो ठिपका म्हणून सापडतो, आणि सध्या त्याची जागा सोपी आहे: वृषभेत, कृत्तिकेच्या पुंजक्याखाली. २०२६ च्या अखेरीस तो तिथे असेल तेव्हा १६९० पासून चार फेऱ्या पूर्ण होत असतील. फ्लॅमस्टीडच्या ‘३४ वृषभ’ या क्रमांकाच्या जागी आजच्या नकाशात तारा नाही, ती जागा रिकामी आहे. ज्याची ती होती, तो तिच्या आसपास परत आला आहे.